कूस

एक हात खांद्यामागे आला, दुसरा कमरेमागे टेकला, आणि खाटेवरची मोठी वळली. क्षणापूर्वी छताकडे पाहत पाठीवर पडली होती, ती आता कुशीवर होती आणि डोळ्यांसमोर सिस्टरांच्या पांढऱ्या कोटाचं एक लोंबतं बटण होतं. एवढंच झालं. पण हे होताना कुठंही दुखलं नाही, आणि न दुखल्याचाच तिला असा काही धक्का बसला की खाटेवरून उठायचं तिला सुचेना. रुग्णसेवेच्या वर्गात आज पेशंट कोण होणार म्हणून विचारणा झाली तेव्हा तरण्या पोरी एकमेकींच्या मागे लपल्या, आणि वर्गात सगळ्यांत वयस्कर म्हणून, 'मावशी, तुम्हीच झोपा, तेवढाच आराम,' असं म्हणून त्यांनी तिलाच पुढे केलं होतं. शिकवणाऱ्या सिस्टर अंगापिंडानं लहान. उभ्या राहिल्या तर मोठीच्या खांद्याला लागतील. मनगटं पोरीसारखी. त्यांनी तिचे हात छातीवर ठेवले, पलीकडचा गुडघा मुडपला, आणि भरलेली बादली हलवावी तसं काही न करता, नुसतं दार लोटावं तसं तिला स्वतःकडे वळवलं. वर्गाला त्या सांगत होत्या की माणसाला ओढायचं नसतं, वळवायचं असतं. त्याचं वजन त्याचं तोच वाहतो, आपण फक्त दिशा द्यायची. मग शिकवण्याच्या सुरात नाही तर वेगळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आणि एक डोक्यात घालून ठेवा. अर्धं अंग गेलेल्या माणसाचा लुळा हात धरून त्याला कधीही ओढायचं नाही. खांद्याचं हाड खोबणीतून सरकतं. एकदा सरकलं की ते जन्मभर ठणकतं. आणि बोलता येत नसेल तर बिचारा सांगणार कसा?"

मोठीचा स्वतःचा खांदा गादीत दाबला गेला होता, तिथं तिला ऊब लागत होती. पूर्वी बसमध्ये कंडक्टर असलेला एक टकल्या गृहस्थ शेजारच्या खाटेवर सराव करत होता आणि सवयीनं पेशंटला 'पुढे सरका' म्हणून बसला, त्यावर वर्ग हसला. ती हसली नाही. तिला आईचा हात दिसत होता. उजवा. मऊ, पांढरट, काम न केल्यामुळे बाईचा नव्हे तर लहान मुलाचा झालेला हात. तो हात मनगटाशी धरायचा, दुसरा हात काखेत घालायचा, पाय खाटेच्या लाकडाला टेकवायचे आणि खेचायचं. दिवसातून किती वेळा ते तिनं कधी मोजलं नाही. आई आवाज करायची. आजारानंतर तिच्याकडे एकच आवाज उरला होता, हो आणि नाही यांच्या मधला कुठला तरी, आणि तोच ती भुकेला, तहानेला, डासाला, रागाला सगळ्याला वापरायची. कूस बदलताना तो आवाज वर चढायचा. समोरच्या घरातली बाई खिडकी लावून घ्यायची. वडील वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे की रोजचंच आहे, लक्ष देऊ नकोस. आणि मोठी लक्ष देत नसे. तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आईचा स्वभावच किरकिरा, आजारानं तो उघडा पडला एवढंच. एकदा, परीक्षांच्या दिवसांत, खालच्या रस्त्यावरून तिच्याच वर्गातल्या पोरी परीक्षेचे पुठ्ठे घेऊन चालल्या होत्या आणि हसत होत्या, तेव्हा तिनं आईला 'गप्प बस' म्हटलं होतं. मोठ्यानं नाही. दातओठ खाऊन. आई गप्प बसली होती, आणि मोठीला त्या दिवशी वाटलं होतं की बघा, म्हणजे सगळं ढोंगच होतं.

घरात तिला मोठी म्हणत आणि तिच्या भावाला धाकटा. दोघांना नावं होती, पण ती शाळेच्या हजेरीपुरती. आईचं अर्धं अंग गेलं तेव्हा मोठी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील छापखान्यात, पाळीवर. घरी कुणी तरी हवं होतं आणि ते कुणी याचा विचारविनिमय झालाच नाही. पाणी उताराकडे जावं तसं ते तिच्याकडे आलं. वडील एवढंच म्हणाले, वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी बसेल ती परीक्षेला. त्यांना ते खरंच वाटत असावं. तिलाही वाटलं. तिची कंपासपेटी धाकट्याकडे गेली ती 'तेवढ्यापुरती' गेली. भूमितीत ती त्याच्यापेक्षा सरस होती. तो कोपऱ्यात बसून तिला प्रमेयं विचारायचा आणि ती आईला भरवता भरवता सांगायची. वर्षामागून वर्ष गेलं. धाकटा शाळान्त झाला, पुढे गेला, दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून हाडा-स्नायूंच्या व्यायामाचं शिक्षण घेऊ लागला. घरी कौतुक असं की आईच्या आजारानंच त्याला ती वाट सुचली. सुटीत तो यायचा तेव्हा आईपाशी बसायचा, तिचा हात हातात घ्यायचा, आणि मोठीला वाटायचं, किती माया याची. आई गेली तेव्हा मोठीचं वय परीक्षेचं राहिलं नव्हतं, लग्नाचंही जवळजवळ नव्हतं. मग बल्बच्या कारखान्यात तपासणीवर लागली. समोरून बल्ब यायचा, तो खोबणीत लावायचा, पेटला तर उजवीकडे, न पेटला तर डावीकडे. डोळे मिटले तरी हिरवे ठिपके दिसायचे. तरी त्या कामाची तिला चीड नव्हती. पेटला म्हणजे पेटला. त्यात कुणाची कुरकूर नाही. मग जगानं तसले बल्ब घेणंच बंद केलं, कारखान्याला कुलूप लागलं, आणि पुन्हा एकदा कुणी तरी तिला विचारलं, शिक्षण कुठपर्यंत?

विचारणारी मुलगी होती. प्रशिक्षण केंद्रातली सल्लागार. नखं स्वच्छ, बोलणं गोड, समोरच्याला कमी लेखायचं नाही असं शिकून आलेली. भिंतीवर छोट्या अभ्यासक्रमांचा फलक होता आणि मोठीनं तो बाहेरच्या बाकावर बसून दोनदा वाचला होता. तिच्या मनात लिफ्ट दुरुस्ती होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर लोक हसले असते. पण कारखान्यातली मालाची लिफ्ट नेहमी अडायची, आणि तिथला मिस्त्री तिच्या हातात बॅटरी देऊन तिला वर उजेड धरायला लावायचा. त्या उभ्या काळोख्या विहिरीत, तेलाच्या वासात, दोर ताणलेले दिसायचे आणि पलीकडून खाली येणारं लोखंडाचं वजन. इतकं वर जातं तेव्हा तितकं खाली यावं लागतं, नाही तर काहीच हलत नाही, असं मिस्त्री सांगायचा. तिला ते प्रमेयासारखं वाटायचं. मुलीनं ऐकून घेतलं. मग मान किंचित कलती करून म्हणाली की लिफ्टला शाळान्त लागते. वेल्डिंगला लागते. फ्रिज-एसी दुरुस्तीला तर लागतेच. शाळा पूर्ण नसलेल्यांसाठी केस कापणं आहे, शिवण आहे, पण त्यात आता काही राम नाही. आणि रुग्णसेवा आहे. तिला मागणी फार. शाळान्ताऐवजी बाहेरून द्यायची एक परीक्षाही होती, तिची माहितीही त्या मुलीनं प्रामाणिकपणे दिली. दोन वर्षं अभ्यास, मग परीक्षा, मग लिफ्ट. "तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "घाई नाही." घाई कशी असते, हे त्या नखांना काय ठाऊक.

मोठी त्या संध्याकाळी धाकट्याकडे गेली होती. जायची सवय होती म्हणून गेली. वयानं मोठी असली तरी निर्णयाच्या वेळी तिला कुणाची तरी मान हललेली लागत असे. धाकटा आता गावात नाव असलेला. पुढच्या खोलीत दवाखाना, कोपऱ्यात दोरीनं टांगलेला हाडांचा सापळा, मागे घर. त्यानं दोन वर्षांच्या परीक्षेचं ऐकलं आणि मायेनंच म्हणाला, या वयात बीजगणित कशाला डोक्याला लावून घेतेस. वहिनी म्हणाली, लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार का तुम्ही, आणि हसली, पण वाईट मनानं नाही. मग धाकटा म्हणाला की रुग्णसेवाच घे. तुला ते शिकायचंही नाही, तुझं ते झालेलंच आहे, फक्त शिक्का मारून घ्यायचा. मोठीला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा ते वाक्य तिच्या अंगावर बेतून शिवल्यासारखं बसलं. ज्यानं शाळा खाल्ली तेच शेवटी शाळेऐवजी पुढे येऊन उभं राहिलं होतं, आणि त्यातला उपरोध तिला कळला होताच. पण उपरोधानं चूल पेटत नाही. तिनं नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात बसताना तिला थोडी घमेंडही होती. या पोरींना काय कळणार, असं तिनं मनात म्हटलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि आता ती खाटेच्या कडेला बसून चपला शोधत होती आणि सापडत नव्हत्या. त्या समोरच होत्या. सिस्टरांनी विचारलं, चक्कर आली का. ती नाही म्हणाली. दिवसभराचा उरलेला वर्ग तिच्या कानांवरून गेला. जखमा, पाठ, टाचा, चादरीची घडी कशी असावी. चादरीला एक सुरकुती राहिली तरी कातडीला काय होतं. आईच्या पाठीला काय झालं होतं ते तिला आठवत होतं, फार स्पष्ट, रंगासकट. तिनं तेव्हा रोज हळद म्हणू नका, तेल म्हणू नका, जे जे लोकांनी सांगितलं ते ते केलं होतं, जीव तोडून केलं होतं, आणि सगळ्या नातलगांनी म्हटलं होतं की पोरीनं आईचं केलं ते कुणी करणार नाही. तेवढं एक तिच्याजवळ होतं. शाळा नाही, संसार नाही, कामही गेलेलं. पण आईचं केलं. माणूस उभा राहायला एक फरशी तरी लागते, तशी ती फरशी होती. ती कुणी उचकटली नव्हती. नुसती दार लोटावं तशी लोटली होती.

वर्ग सुटल्यावर ती घरी गेली नाही. पायच धाकट्याच्या घराकडे वळले. वाटेत तिला एक वेडी आशा होती की तो म्हणेल, आईचा खांदा ठीक होता, आईचं दुखणं वेगळं होतं, ते तुला कळायचं नाही. असं तो म्हणाला असता तर तिनं ते सुखानं गिळलं असतं. दवाखान्यातला शेवटचा पेशंट निघाला होता. धाकटा हात धूत होता. तिला पाहून त्यानं विचारलं की कसा चाललाय अभ्यास, आणि टॉवेल शोधू लागला.

"आईचा उजवा खांदा निखळला होता का रे?" तिनं विचारलं.

त्यानं हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. मग टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "अर्धवट," तो म्हणाला. "पूर्ण नाही."

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा. सुटीत आलो होतो. हात लावून पाहिला."

मोठीला ती सुटी आठवली. माया म्हणून जे तिनं पाहिलं होतं ते हे होतं. तो आईचा हात हातात घेऊन बसायचा तेव्हा बोटांनी खोबण चाचपत होता. तिनं विचारलं की मग मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगून तू काय करणार होतीस, एकटी होतीस, नीट वळवायला दोन माणसं लागतात. हे तो पेशंटांच्या नातलगांशी बोलावं तसं बोलला, समजावणीच्या सुरात, आणि त्या सुरानं ती एरवी गप्प झाली असती. पण आजच तिला एका लहानखुऱ्या बाईनं एकटीनं वळवलं होतं. तिनं ते सांगितलं. "माझ्या खांद्याएवढी आहे ती उंचीनं," ती म्हणाली. "एका हातानं नाही रे, पण एकटीनं."

धाकटा खाली बसला, पेशंटांच्या स्टुलावर. आतून वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला, म्हणजे ती ऐकत होती.  "मी नीट वळवायचं दाखवलं असतं तर बाबा काय म्हणाले असते, सांग," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलाचा झाला होता. "म्हणाले असते, तुला येतं ना? मग तूच थांब. हिची तरी परीक्षा होऊ दे. ताई, ते तेव्हा तसं म्हणत होतेच. तुला माहीत नाही. मी येईन त्या प्रत्येक सुटीत म्हणत होते, एक वर्ष तू घरी रहा, तिला बसू दे."

हे तिला माहीत नव्हतं. वडिलांनी तिच्यासाठी कधी शब्द टाकला असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सगळी वर्षं ती समजत होती की ते विसरले. ते विसरले नव्हते; त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर म्हणून धाकटा आईचा हात हातात घेऊन गप्प बसला होता. तिला संतापायला हवं होतं. संतापाची जागा तिला आत सापडत होती, पण तिथं हात घातला की काही लागत नव्हतं. कारण ती त्याच्या जागी असती तर? तिला दुसऱ्या शहरात वसतिगृह असतं, पुस्तकं असती, आणि परतायला ती खोली, तो वास, तो आवाज? तीही चाचपून गप्प बसली असती, असं तिला वाटलं; आणि हे वाटणंच तिला सगळ्यांत कडू लागलं. त्याच्यावर चिडायचीसुद्धा सोय उरली नव्हती. वहिनी दारात येऊन जेवून जा म्हणाली. मोठी नको म्हणाली. धाकटा तिला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाला की तू जे केलंस ते कुणीच केलं नसतं. ती म्हणाली, "हो. म्हणूनच ते तसं झालं." आणि उतरली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली नाही, सल्लागार मुलीकडे गेली. अभ्यासक्रम बदलता येईल का म्हणून. मुलीनं कारण विचारलं. कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मोठी म्हणाली की वास सोसत नाही. मुलीनं सहानुभूतीनं मान हलवली आणि संगणकात पाहून सांगितलं की बदलून मिळेल, पण पुढच्या तुकडीला, आणि तेव्हाही केस कापणं किंवा शिवण. लिफ्टचं काही बदललं नव्हतं. लिफ्टला शाळान्तच लागत होती. मोठी तिथं बसून राहिली. फलकावरचा 'लिफ्ट' हा शब्द तिनं पुन्हा वाचला. तो अभ्यासक्रम तिनं निवडला नाही असं कुठं तरी आता पक्कं होत होतं, आणि तरी तिनं तो नाकारला असंही खरं नव्हतं. निवडायचं म्हणजे दोन दारं उघडी हवीत. तिच्यापुढे एक दार होतं आणि एक दाराचं चित्र. मुलगी म्हणाली, मावशी, हवं तर दोन दिवस घ्या. मोठी उठली. खाली जाण्याऐवजी ती जिना चढून वर्गात गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. चुकीचं इतकी वर्षं केलं, आता बरोबर काय ते तरी अर्धवट कळलेलं राहू नये, एवढंच वाटलं असावं. सिस्टरांनी उशिराचं कारण विचारलं नाही. खाटेकडे बोट दाखवलं.

त्यानंतर ती शिकली. पोरींसारखी हसत-खेळत नाही. शत्रूची माहिती काढावी तशी शिकली. प्रत्येक गोष्टीबरोबर तिला जुनी गोष्ट कळत गेली. भरवताना मान मागे का टाकायची नाही, हे कळलं तेव्हा आईचा ठसका कळला. पाय उशीवर कसा ठेवायचा हे कळलं तेव्हा टाचेची जखम कळली. आई त्या एकाच आवाजात किती निरनिराळं बोलत होती, ते एखादी परकी भाषा उशिरा समजू लागावी तसं शब्द शब्द उलगडत गेलं, आणि त्यात किरकिर म्हणावी अशी कुठं सापडेना. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी तिचं काम पाहून सिस्टरांना म्हटलं की या बाईंचा हात उपजत आहे. कंडक्टर गृहस्थ काठावर पास झाला आणि म्हणाला, मावशी, तुमचं तर फुल्ल तिकीट. शिक्का मिळाला. शाळान्त नसलेल्या जन्मातला पहिला कागद. धाकट्याचा फोन आला तेव्हा तिनं पास झाल्याचं सांगितलं, त्यानं अभिनंदन केलं, आणि मग दोघं हवापाण्याबद्दल बोलली.

पहिलं काम केंद्रानंच लावून दिलं. चौथ्या मजल्यावरचं घर, उजेडाची खोली, खिडकीत कुंड्या. पेशंट म्हातारी होती, डावी बाजू गेलेली, पण वाचा शाबूत आणि जीभ तिखट. तिची सून मोठीला खोली दाखवून म्हणाली की आधीच्या बाईला सासूबाईंनी तीन दिवसांत पळवून लावलं, तुम्ही मनावर घेऊ नका, आणि कामाला निघून गेली. दार लागलं. म्हातारीनं मोठीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, वळवायचं असेल तर आधी सांग, मी दात दाबून धरते. मोठीनं सांगितलं. तिनं लुळा हात अलगद उचलून म्हातारीच्या छातीवर ठेवला, उशीला टेकवून. गुडघा मुडपला. एक हात खांद्यामागे नेला, एक कमरेमागे. आणि वळवलं.

वळवताना ती थांबली होती. हातानं नाही, आतून. आवाजाची वाट पाहत. इतक्या वर्षांची सवय. अंग वळलं की आवाज यायचाच. तो आला नाही. म्हातारी कुशीवर आली, तिचा चेहरा मोठीच्या पोटाशी, आणि तिच्या तोंडून नुसता श्वास सुटला, खोल, आरामाचा. आणि मोठीच्या मनात त्या परक्या, निरुपद्रवी बाईबद्दल असा द्वेष उसळला की तिनं खाटेची कड घट्ट धरली. हिला मिळालं. हिची कोण मी? हे सुख दुसऱ्या कुणाचं तरी होतं, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव होतं, आणि जिचं होतं ती ते न घेताच गेली. मोठीनं चादर ताणली. पाठीमागे उशी सारली. सुरकुती राहिली नाही ना, म्हणून तळहात फिरवून पाहिला. 

"दुखलं नाही गं," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मऊ पडला होता.  "आजवर आलेल्यांतली तूच पहिली. आईबिईचं केलेलं दिसतंय घरी. त्याशिवाय असा हात बसत नाही."

मोठीनं पांघरूण खांद्यापर्यंत ओढून नीट केलं.

"नाही," ती म्हणाली.